एचबीए१सी ६.२ पण उपाशीपोटी ९६, कुणाकडे जाऊ? (सिंहगड रोड परिसर, बजेट १५००)

माणिकबाग_मृ
नमस्कार मंडळी. वय ३६, राहायला माणिकबागेत, नोकरी बैठी. मुलाच्या वेळी गरोदरपणात शुगर निघाली होती. पथ्यावर भागलं, इन्सुलिन लागलं नाही. बाळंतपणानंतर सगळे म्हणाले, सुटलीस. नंतरही तपासत राहायचं असतं हे दवाखान्यातून घरी सोडताना कुणी सांगितलं नाही, आणि मुलगा आता पहिलीत आहे. आईला पन्नाशीत मधुमेह निघाला, तोही अंधूक दिसायला लागल्यावर.

ऑफिसच्या तपासणीत आलेले आकडे: उपाशीपोटी साखर ९६, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.२, हिमोग्लोबिन ९.४. वजन ५४, अंगानं बारीक. एक आकडा म्हणतो नॉर्मल, दुसरा म्हणतो उंबरठ्यावर आहेस. जवळपास कुणाला दाखवू? घरी मशिन घेऊ का? फी आणि तपासण्या धरून या महिन्यात १५०० रुपये काढू शकते. गल्लीत एक जुने एमबीबीएस डॉक्टर आहेत, पण तिथे कायम सर्दी-तापाची गर्दी.

तळजाईकर
ताई, गल्लीतल्या डॉक्टरच्या नादी लागू नका. थेट डायबेटॉलॉजिस्ट, म्हणजे मधुमेहाचा तज्ज्ञ गाठा. मी डेक्कनला जातो, फी जास्त आहे पण माणूस अर्धा तास बोलतो. आणि रोज पहाटे तळजाई. माझी एचबीए१सी ७.१ वरून ६ वर आली ती फक्त टेकडीमुळे.

सेन्सरवाला_कोथरूड
मशिन वगैरे विसरा, दंडाला लावायचा सेन्सर घ्या. १४ दिवस चालतो, चार-पाच हजारांत येतो, मोबाईलवर चोवीस तास आलेख दिसतो. मला त्यावरच कळलं की पोह्यांनी माझी साखर १८० ला जाते आणि थालीपीठानं जात नाही. आता मी दर तीन महिन्यांनी लावतो.

शनिवारातली_वहिनी
१५०० म्हणाल्यात त्या.

सेन्सरवाला_कोथरूड
तब्येतीपुढे पैसा काय बघायचा?

गुळाचा_चहा
बारीक माणसाला काही होत नाही हो, काळजी करू नका. आमच्याकडे साखर पूर्ण बंद, सगळं गुळात. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, ठणठणीत. शिवाय मेथीचे दाणे रात्री भिजत घाला.

लॅबवाली_धायरी
दोन्ही मुद्दे चूक आहेत. गुळातही मुख्यतः तीच साखर असते, थोडं लोह जास्त असलं तरी रक्तातली साखर तो तशीच वाढवतो.

आणि "बारीक म्हणजे सुरक्षित" हे निदान पुण्यात तरी कुणी म्हणू नये. इथल्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. आपली बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त, हे त्यातून पुढे आलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी-शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण शरीरातली चरबी ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावर दिसत नाही ते पोटात असतं. मृ, कंबर किती?

माणिकबाग_मृ
बेंबीपाशी टेप लावून ८४ सेंमी. रोजचा व्यायाम नाही.

लॅबवाली_धायरी
मग हा हिशोब बघा. चेन्नईच्या मधुमेह संशोधकांनी भारतीयांसाठी जोखमीचा एक तक्ता केलाय, त्याला सुई लागत नाही. वय ३५ ते ४९ ला २०. बायकांची कंबर ८० ते ८९ असेल तर १०. बैठं काम आणि व्यायाम नाही, ३०. आई-वडलांपैकी एकाला मधुमेह, १०. तुमचे झाले ७०. ६० किंवा जास्त असेल तर जोखीम जास्त धरतात. गरोदरपणातली शुगर या तक्त्यात धरलेलीच नाही, ती वेगळी. ज्यांना ती होती त्यांनी बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत एकदा आणि मग आयुष्यभर दर एक ते तीन वर्षांनी तपासायचं असतं.

तळजाईकर
तेच म्हणतोय. टेकडी चढा.

पर्वती_पायथा
तळजाईवर आता रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. पार्किंगचं कुणीतरी बघायला हवं. सारसबागेच्या आतली फेरी बरी.

तळजाईकर
चालत या की. मी सहकारनगरातून चालतच येतो.

शनिवारातली_वहिनी
मी दोन वर्षांपूर्वी मोठ्या लॅबचं पॅकेज घेतलं होतं. ऐंशी-नव्वद तपासण्या, ३९९९ रुपये, रिपोर्ट बावीस पानी. आमच्या डॉक्टरांनी त्यातली दोन पानं पाहिली. पॅकेज घेऊ नका. बाकी तळजाईकर म्हणताहेत तसं तज्ज्ञाकडेच जा.

डॉ_सहकारनगर
जनरल प्रॅक्टिस करतो, म्हणून लिहितो. हिमोग्लोबिन ९.४ कडे कुणी बघितलंच नाही. लोह कमी असलं की लाल पेशी रक्तात जास्त दिवस टिकतात, त्यांना साखर जास्त चिकटते आणि एचबीए१सी आहे त्यापेक्षा जास्त येऊ शकते. त्यामुळे ६.२ खरी की पंडुरोगाची (रक्त कमी असल्याची), हे या रिपोर्टवरून सांगता येणार नाही. उलट उपाशीपोटी ९६ म्हणून सुटलो असंही नाही. बऱ्याच जणांची साखर आधी जेवणानंतरची बिघडते.

याला उत्तर म्हणजे जीटीटी, ग्लुकोज पिऊन साखर बघायची तपासणी. आदले तीन दिवस नेहमीचं जेवायचं, भात-पोळी कमी करायची नाही. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त. १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ मधुमेहाची पूर्वावस्था, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह, पण लक्षणं नसतील तर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीनं खात्री करायची. घरच्या मशिनवर निदान करू नका. आकडा पंधरा टक्के इकडे-तिकडे होतो, म्हणजे १३० चे १४५ दिसू शकतात.

यासाठी तज्ज्ञच हवा असं नाही. आणि पैशांची अडचण असेल तर सरकारी आरोग्य केंद्रांत ३० च्या पुढच्यांची साखर-बीपी तपासणी मोफत असते.

सेन्सरवाला_कोथरूड
जीटीटीत दोनच आकडे मिळतात. सेन्सरमध्ये हजारो.

गुळाचा_चहा
ते ग्लुकोजचं पाणी फार वाईट असतं. माझ्या जावेला उलटी झाली आणि सगळं परत करावं लागलं. लिंबू पिळून मागा.

शनिवारातली_वहिनी
दोन तास तिथेच बसून राहा. मी मधल्या वेळात मंडईत भाजी आणायला गेले, तर लॅबवाल्यांनी दुसरं रक्त घ्यायला नकार दिला. चालल्यानं साखर उतरते म्हणे.

माणिकबाग_मृ
सगळ्यांचे आभार. दोघांनी तज्ज्ञाकडे जा म्हटलं, तरी मी गल्लीतल्या डॉक्टरांकडेच गेले. आईचा मधुमेह त्यांनीच धरला होता आणि तिच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख अजून तेच आठवण करून देतात. डेक्कनच्या तज्ज्ञांकडे मी एकदा गेले असते, दुसऱ्यांदा सुट्टी मिळाली नसती. इथे दुकानातून दूध आणताना डोकावता येतं.

त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली, मानेमागे काळपट पट्टा आहे का ते पाहिलं (थोडा आहे, मला तो उन्हाचा वाटायचा), मग जीटीटी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) लिहून दिलं. उपाशीपोटी ९८, दोन तासांनी १६१. फेरिटिन तळाला. म्हणजे पूर्वावस्था खरीच आहे, फक्त ६.२ वर विसंबायचं नव्हतं. फी धरून १४०० च्या आत बसलं.

लोहाच्या गोळ्या सुरू, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. रात्री जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालायचं, आठवड्याला मिळून दीडशे मिनिटं व्हायला हवीत. दोन दिवस वजन उचलायचे व्यायाम, कारण मला वजन उतरवायचं नाही, स्नायू वाढवायचेत. ताटात भात निम्मा, उसळ दुप्पट. हिमोग्लोबिन भरून आल्यावर एचबीए१सी पुन्हा, आणि वर्षानं जीटीटी. मशिन घेत नाही.

लॅबवाली_धायरी
छान झालं. चेन्नईत २००६ मध्ये निघालेल्या अभ्यासात पूर्वावस्थेतल्या लोकांना नुसत्या आहार-व्यायामानं तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं होतं, आणि तेही वजन फारसं न उतरता. तुमच्यासारख्यांना ते लागू पडतं. पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाका.

तळजाईकर
तज्ज्ञाला एकदा तरी दाखवायला हवं होतं, माझं मत तेच. पण रात्री चालायला निघालात हे उत्तम.

नवीन_सभासद_वडगाव
मृ ताई, माझ्या बायकोलाही गरोदरपणात शुगर होती, मुलगी आता तीन वर्षांची आहे. तपासणी एकदाही झालेली नाही. ती लॅब रविवारी सकाळी उघडी असते का?

माणिकबाग_मृ
हो, साडेसातपासून. पण आदल्या रात्री दहाच्या आत जेवून घ्यायला सांगा, आणि येताना लिंबू आणा, त्यांच्याकडे नसतं.