मदत हवी आहे: आई पॉइंटर, बाप मुधोळ. पिल्लू पॉइंट देतं, पण टिकत नाही

नमस्कार मंडळी. निपाणीजवळ आमचं शेत आहे, तंबाखू आणि भुईमुगाचं. घरच्या पॉइंटर कुत्रीला (लपलेल्या पाखराचा वास आला की जागीच थबकून दाखवणारी शिकारी जात, त्या थबकण्यालाच पॉइंट म्हणतात) बेळगावच्या एका निवृत्त सुभेदार काकांनी मुलाकडे पुण्याला जाताना आमच्याकडे सोडलं. गेल्या पावसाळ्यात ती माजावर आली, मी दोन दिवस परगावी होतो आणि शेजारच्या धनगराच्या मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याशी गाठ पडली. पाच पिल्लं झाली. चार चांगल्या घरी गेली, एक ठेवला. आता सात महिन्यांचा आहे.

अंगानं बापावर गेलाय. खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब पाय. नाक मात्र आईचं. परवा पहाटे बांधावरून चालताना एकदम थबकला. उजवा पाय अधांतरी, शेपूट ताठ, नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. वारा समोरून. मला काही दिसेना, मनात दहापर्यंत मोजले. मग वेलातून लावा भुर्रकन उडाला आणि गडी सुटला तो थेट उसाच्या फडात. अर्ध्या तासानं धापा टाकत आला, पायात काटे.

शिकार मला करायची नाही. वन्यजीव कायद्यानं ससा, तित्तर, लावा, काहीच मारता येत नाही आणि ते योग्यच आहे. तरी दोघंजण येऊन गेले, "सशामागं लय भारी पळंल, अजून पिल्लं काढा" म्हणून. त्यांना सरळ नकार दिला, कुत्रीचं ऑपरेशनही करून घेतलं. भीती वेगळीच आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग आमच्या शिवारापासून लांब नाही. एकदा असा सुटला तर गाडीखाली जाईल.

जर्मनांनी एकोणिसाव्या शतकात पॉइंटरमध्ये माग काढणारे हाउंड म्हणजे शिकारी कुत्रे मिसळून शॉर्टहेअर्ड पॉइंटर घडवला, इंग्रजांनीही फॉक्सहाउंडचं रक्त घातलं असं वाचलंय. त्यांचं जमलं, मग आमच्या पोराचं काय अडतंय? पॉइंट टिकवता येईल का?

प्रतिसाद:
दादा, हाउंड म्हणजे एकच जात नव्हे. त्यांनी मिसळलेले हाउंड नाक जमिनीला लावून माग काढणारे. मुधोळ, ज्याला कारवानही म्हणतात, ही जात नजरेवर धावणारी. हललेलं दिसलं की पाय सुटतात, शेकडो वर्षं त्याचसाठी निवड झालीय. तुमचं पोरगं वासावर आईसारखं थांबतं आणि पक्षी उडाला की बापासारखं धावतं. दोष त्याचा नाही.

काठीला पीस बांधून नाचवू नका, बरेच जण तेच सांगतील. त्यानं नजरच चाळवते. घरचं कबूतर जाळीच्या पिंजऱ्यात घालून गवतात झाकून ठेवा आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं त्याला आणा. थांबला की जवळ जा, पाठीवर हात ठेवा, हळू आवाजात शाबासकी द्या आणि उचलून मागे न्या. पाखरू उडायलाच नको. दहा मीटरचा दोर लावा, पण गळ्यात नाही, छातीच्या पट्ट्याला. या अंगाची कुत्री वेगात झटका खाल्ला तर मानेला इजा होते. मोकळं पळवायचं ते कुंपणाच्या आतच, कारण एकदा नजर लागली की हाक त्याच्या कानात शिरत नाही.

आणि ऑपरेशन केलंत ते बरं केलंत. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र मुधोळ जात शुद्ध राहावी म्हणून राबतंय. २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आलेली जात आहे ही, आपल्या भागाची.

धागाकर्ता:
दोर गळ्यातच बांधत होतो मी. पट्टा उद्याच आणतो. कबूतर किती वेळ ठेवायचं?

प्रतिसाद:
दहा मिनिटं, सावलीत. दिवसाला दोनदाच, आणि उन्हाच्या आत आटपा.