शाळेच्या दिवशीच दुखणारे पोट

प्रश्न: जूनमध्ये आम्ही साताऱ्याहून पुण्यास आलो. तेव्हापासून तिसरीत शिकणाऱ्या मुलाचे पोट रोज सकाळी शाळेच्या वेळीच दुखते. रविवारी मात्र दुखत नाही. सासूबाई याला नाटक म्हणतात, मला तसे वाटत नाही. काय करावे?

प्रतिसाद १: प्रथम बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. शारीरिक कारण आढळले नाही, तरी वेदना खोटी ठरत नाही, कारण चिंतेचा परिणाम पचनसंस्थेवर खरोखरच होतो आणि या वयात ‘मला भीती वाटते’ असे सांगण्यापेक्षा ‘पोट दुखते’ असे सांगणे सोपे जाते.

प्रतिसाद २: मी प्राथमिक शिक्षिका आहे. ‘शाळेत काय झाले?’ असे विचारल्यास बहुधा ‘काही नाही’ हेच उत्तर येते; त्याऐवजी डबा कोणासोबत खाल्ला, मधल्या सुट्टीत कुठे होता, शाळेच्या स्वच्छतागृहात जाण्याची भीती वाटते का, असे विचारावे. (माझ्या एका विद्यार्थिनीची अडचण केवळ बसमधील जागेची निघाली!) मात्र त्याला वारंवार घरी ठेवू नये, कारण प्रत्येक रजेनंतर परतणे अधिक जड जाते. वर्गशिक्षिकांना अवश्य भेटावे.

प्रतिसाद ३: केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते, मराठीतही. पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

प्रश्नकर्ती: आज डब्याबद्दल विचारले. तो एकटाच बसून खातो, असे कळले. उद्या वर्गशिक्षिकांना भेटते.