वडिलांचा स्टिरिओ संच आणि कोल्हापुरातील ‘ऐकून घेण्याची’ दुकाने

रंकाळाकाठ (प्रश्न)
नमस्कार मंडळी. वडिलांच्या पश्चात घरी टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर राहिले आहेत. परवा केसरबाई केरकरांची तबकडी लावली, तर उजव्या बाजूने सतत खरखर येत होती. ज्या दुकानातून हा संच घेतला होता, तिथे आता मोबाइलची कव्हरे विकली जातात. मॉलमधील मोठ्या शोरूममध्ये गेलो, तर एकाच भिंतीवर पंचवीस टीव्ही आवाजासह चालू होते आणि त्या गोंगाटात मला साउंडबार ‘ऐकवण्यात’ आला. आधी ऐकून मग घेता येईल, असे एखादे दुकान गावात उरले आहे का? की संच मोडीत काढून साउंडबारच घ्यावा?

माजी_विक्रेता
राजारामपुरीतील अशाच एका दुकानात मी बावीस वर्षे नोकरी केली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दुकानाच्या मागे जाड पडदे आणि सतरंजी असलेली एक खोली होती. गिऱ्हाईक घरून आपली तबकडी किंवा कॅसेट घेऊन यायचे, एकच तान तीन वेगवेगळ्या स्पीकरवर ऐकायचे, आणि पुष्कळदा तीन शनिवार येऊन गेल्यावर चौथ्या शनिवारी पैसे मोजायचे. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो, भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढला की गळा मोकळा होतो, हे आम्ही घरी जाऊन दाखवत असू. त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत. ते वस्तूच्या किमतीतच धरलेले असत. पुढे मोठ्या साखळी दुकानांची आणि ऑनलाइनची विक्रीची किंमत आमच्या खरेदीच्या किमतीहूनही कमी निघू लागली आणि शिवाय बिनव्याजी हप्ते आले. दोन तास आमच्या खोलीत ऐकून, दुकानाच्या पायरीवरच मोबाइलवर ऑर्डर टाकणारे गिऱ्हाईक मी डोळ्यांनी पाहिले आहे. चार हजारांचा फरक असल्यावर त्याला तरी काय बोलणार? २०१६ मध्ये मुंबईतील काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाऊस’ बंद झाले, तेव्हाच आमच्या मालकांनी जागा भाड्याने देण्याचे मनावर घेतले.

स्पष्टवक्ता_शाहूपुरी
दादांच्या अनुभवाचा मान राखून थोडा वेगळा सूर लावतो. त्या मागच्या खोलीत सगळ्यांना प्रवेश नव्हता. १९९८ साली मी सायकलवरून, साध्या लेंग्यात गेलो होतो, तेव्हा मला काउंटरवरच दर सांगून वाटेला लावण्यात आले. शिवाय दुकानात जी दोन मेकची एजन्सी असेल, तीच उत्तम आणि बाकी सगळा भंगार माल, असे ठासून सांगितले जाई. आज सामान्य घरातही बरा आवाज पोहोचला आहे, हे श्रेय मोठ्या बाजारालाच द्यावे लागेल. माझी तक्रार दुरुस्तीची आहे: माझा साउंडबार वॉरंटी संपल्यावर दोन महिन्यांत मुका झाला, आणि ‘आतला बोर्डच बदलावा लागेल’ म्हणून जी रक्कम सांगण्यात आली, तीत जवळजवळ नवा आला असता.

कॉइलवाला
मी उद्यमनगरात स्पीकर दुरुस्त करतो. रंकाळाकाठ, संच विकू नका. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागील डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. खरखर डावीकडे गेली, तर दोष स्पीकरच्या अलीकडे, म्हणजे बहुधा ॲम्प्लिफायरमध्ये आहे. उजवीकडेच राहिली, तर स्पीकरमध्ये. फोमची कडा असलेल्या जुन्या स्पीकरमध्ये ती कडा पंधरा-वीस वर्षांत भुगा होते; तेवढीच नवी बसवता येते, कोन (स्पीकरचा शंकूसारखा पडदा) बदलावा लागत नाही. ॲम्प्लिफायरमध्ये बहुतेक वेळा व्हॉल्यूमच्या खुंटीत मळ असतो किंवा कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात. सुई उड्या मारते म्हणून हेडवर नाणे ठेवण्याची जुनी सवय मात्र घरात कोणाला असेल, तर मोडा. काट्रिजला (सुई धरणाऱ्या भागाला) बहुधा दीड-दोन ग्रॅमच भार लागतो, जास्त झाला की तबकडी खरवडली जाते.

गंमत अशी की, हाय-फायवर माझे पोट कधीच भरले नसते. गणपतीच्या मिरवणुकीतील ‘डॉल्बी’चे फाटलेले कोन आणि जळालेल्या कॉइल यांवर दुकान चालते, म्हणून तुमच्यासारख्यांचे काम हातात घेता येते.

रंकाळाकाठ
तारा बदलून पाहिल्या. खरखर डावीकडे गेली. ॲम्प्लिफायर रविवारी आणला तर चालेल का, की मंडळांची गर्दी ओसरेपर्यंत थांबू?

कॉइलवाला
रविवारी सकाळी आणा. झाकण मात्र घरी उघडू नका; प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहते.