अनामतीपायी टेंडर सोडू नका

ताई, अनामत रक्कम भरायला पैसे नव्हते म्हणून चादरींचं टेंडर सोडलंत, हे वाचून फार वाईट वाटलं. शिवण तुमच्याच कारखान्यात होते ना? मग आजच उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, ती फुकट होते. २०१२च्या केंद्रीय खरेदी धोरणात सूक्ष्म-लघु उत्पादकांना अनामत माफ आहे. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त निघाला, तरी तो कमी दर मान्य करून कामाचा हिस्सा मिळू शकतो. नुसत्या व्यापाऱ्यांना हे नाही.

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या आमच्या युनिटची पहिली निविदा कागदांवरच बाद झाली होती. जीएसटीवर 'अँड सन्स', उद्यमवर नुसतं आडनाव! जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या केंद्रीय पोर्टलवर, जाण्याआधी नावं अक्षरन् अक्षर जुळवा. इंदूरच्या राज्य खात्यांच्या निविदा एमपी टेंडर्स या मध्य प्रदेश सरकारच्या संकेतस्थळावर येतात, तिथल्या अटी वेगळ्या वाचा.