मदत हवी आहे: ग्रीन डिपॉझिट कोणत्या बँकेत?

दुर्वांकुर: एफडी मॅच्युअर होतेय. परत तिथेच ठेवायची नाही. आमचे पैसे कोळशाच्या प्रकल्पांना कर्ज म्हणून जाऊ नयेत, एवढंच. ग्रीन डिपॉझिट असतं म्हणे. एका बँकेत विचारायला गेले तर काउंटरवरच्या बाईंनी विम्याचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. कोणती बँक ते सांगा, सोमवारपर्यंत ठरवायचंय.

खडूसकाका: रक्कम? मुदत? ज्येष्ठ नागरिक आहात का? अर्धवट धागा काढायचा आणि वर घाई.

दुर्वांकुर: त्याने काय फरक पडतो? बँक सांगा ना.

निवृत्त_बँकर: रिझर्व्ह बँकेची ग्रीन डिपॉझिटची नियमावली १ जून २०२३ पासून लागू आहे. पैसा सौर-पवन ऊर्जा, स्वच्छ वाहतूक, जैवविविधता संवर्धन असल्याच कामांत लावायचा. कोळसा-तेल, अणुऊर्जा, २५ मेगावॉटच्या वरचे जलविद्युत प्रकल्प बाद. दरवर्षी त्रयस्थाकडून पडताळणी. स्टेट बँकेने २०२४ च्या जानेवारीत ११११, १७७७ आणि २२२२ दिवसांची ठेव आणली, तेव्हा व्याज नेहमीपेक्षा ०.१० टक्का कमी होतं.

सह्यभटका: म्हणजे व्याज सोडा आणि पुण्य घ्या! तीच बँक दुसऱ्या खिशातून औष्णिक प्रकल्पाला कर्ज देणार. तुमच्या ठेवीमुळे त्यातलं एक तरी अडणार आहे का?

निवृत्त_बँकर: अडेल असं कुणी म्हटलंय? पैसा कुठे लावला त्याचा अहवाल जाहीर करावा लागतो. आधी तेही नव्हतं.

सह्यभटका: वाचतो कोण तो?

निवृत्त_बँकर: मी वाचतो.

सौरभक्त: एफडी सोडा, छतावर सोलर टाका. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. फक्त कबुतरांचा बंदोबस्त करा, आमच्या पॅनलखाली घरटी केलीत.

खडूसकाका: त्यांना छत आहे की नाही ते तरी विचारा!

माधवी_के: टीडीएसचा फॉर्म वेळेत भरा हं. सासऱ्यांच्या व्याजातून कराचे पैसे कापले गेले होते.

दुर्वांकुर: छत आहे, पण सोसायटीचं. एफडीही सोसायटीचीच, सिंकिंग फंडाची. मी खजिनदार आहे.

निवृत्त_बँकर: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! सोसायटीचा निधी कुठे गुंतवायचा याला सहकार कायद्याच्या कलम ७० चं बंधन आहे. आत्ता कुठे आहे एफडी?

दुर्वांकुर: जिल्हा सहकारी बँकेत.

निवृत्त_बँकर: मग कोळसा कुठून आला? जिल्हा बँकेचा पैसा मुख्यतः गावोगावच्या विकास सोसायट्यांमार्फत पीककर्जाला आणि साखर कारखान्यांना जातो. आणि ग्रीन डिपॉझिटची ती नियमावली सहकारी बँकांना लागूच नाही.

सह्यभटका: कारखाने म्हणजे ऊस. दुष्काळी तालुक्यात ऊस, हे कोणतं निसर्गरक्षण?

ऊसवाला_सांगली: आमचा ऊस ठिबकवर आहे. साखर खाता का तुम्ही?

सह्यभटका: गूळ खातो.

खडूसकाका: तो काय बाभळीला लागतो?

सौरभक्त: सोसायटीच्या सामाईक मीटरलाही अनुदान आहे बरं, किलोवॉटला १८,०००. लिफ्ट आणि पंप त्यावर चालतील.

दुर्वांकुर: त्यासाठी सिंकिंग फंड वापरता येतो का?

निवृत्त_बँकर: तो मुळात मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी असतो. सोलरसाठी वेगळी वर्गणी किंवा कर्ज बघा, आणि विषय सर्वसाधारण सभेत घ्या. इमारत किती जुनी? गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालंय का?

दुर्वांकुर: सेक्रेटरींना विचारून सांगते.