मदत हवी आहे: पॉक्सो खटल्यात लहान मुलीची साक्ष

नमस्कार. नात्यातल्या एका लहान मुलीची पुढच्या महिन्यात पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा) खटल्यात साक्ष आहे. तिची ओळख उघड होईल असं काही लिहीत नाही, कृपया विचारूही नका.

पोलिसांचा जबाब साध्या वेशातल्या महिला अधिकाऱ्यांनी घरी येऊन घेतला, तो भाग नीट पार पडला. धास्ती आहे ती उलटतपासणीची. २०१२ च्या कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे आरोपीच्या वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच मुलीला विचारले जातात, आणि कलम ३६ प्रमाणे साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर येता कामा नये. हे आपोआप होतं, की सरकारी वकिलांमार्फत आधी अर्ज द्यावा लागतो? कोर्टात पडद्याची सोय दिसली नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सिंग मागावं का?

दुसरं, घटनेची वेळ पोलिसांना तिने ‘शाळेतून आल्यावर’ सांगितलं आणि दंडाधिकाऱ्यांना ‘अंधार पडल्यावर’. एवढ्या फरकाने साक्ष कमकुवत ठरते का? एवढंसं लेकरू, घड्याळ कुठे बघणार! तिला पढवायचं नाही, पढवलेल्या साक्षीवर कोर्ट विश्वास ठेवत नाही. मग धीर द्यायचा तरी कसा? सहायक व्यक्तीसाठी (खटल्यात मुलीच्या सोबतीला, मदतीला दिली जाते ती) बालकल्याण समितीकडे आत्ता अर्ज केला तर चालेल का?

असे खटले चालवलेल्या वकिलांनी कृपया सांगावं.