जुन्या फोर्ड ८एन ट्रॅक्टरला पुढे बर्फाचं पातं बसवायचंय, चॅनल (पातं धरणारी लोखंडी तुळई) कुठे बांधू?

बर्फातला_सातारकर:
मंडळी, मी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या उत्तरेला राहतो. ऑन्टॅरिओ सरोवरावरून ढग आले की एका रात्रीत फूटभर बर्फ. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत ४०० फूट खडीची वाट. गेल्या हिवाळ्यात बर्फ काढणारा आगाऊ पैसे घेऊन गेला तो पंधरा दिवस फिरकलाच नाही. तेव्हाच ठरवलं, आता घरचाच ट्रॅक्टर. शेजारच्या आजोबांकडून १९५१चा फोर्ड ८एन घेतला. करडं अंग, लाल पोट, एका हाकेत सुरू होतो. भंगारात जीपचं साडेसहा फुटी पातं मिळालं, स्प्रिंगा शाबूत आहेत.

वेल्डिंग गावाकडेच शिकलोय. पुढच्या ॲक्सलवर जो बिडाचा ठोकळा आहे, त्यालाच दोन अँगल बोल्ट करून पातं टांगावं म्हणतो. चालेल ना? आणि उचलायचं कसं? हायड्रोलिक सगळं मागे.

लोहाराचा_नातू:
दादा, तेवढं करू नका. ८एनला चासी नाहीच. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं धूड एकमेकांना बोल्ट केलेलं, तोच त्याचा कणा. पातं गोठलेल्या दगडाला अडलं की दणका थेट त्या ठोकळ्यावर. बीड वाकत नाही, फुटतं.

४ इंची दोन चॅनल पोटाखालून थेट मागच्या ॲक्सलपर्यंत न्या. ढकलणारी चाकं मागची, तर जोरही तिथूनच घ्या. पुढे चॅनल नुसतं टांगतं ठेवा. पुढचा ॲक्सल मधल्या पिनेवर झुलतो, त्याला वरखाली व्हायला जागा सोडा. मी सोडली नव्हती. पहिल्याच चरात ॲक्सल चॅनलवर टेकला आणि एक चाक हवेत! आणि हो, चॅनल ऑइलच्या बुचाखाली येऊ देऊ नका. मी पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा अर्धं चॅनलवर सांडलं.

व्हरमाँटची_वहिनी:
उचलायला आम्ही मागच्या लिफ्टच्या हातांना वायररोप बांधलाय, तो कप्प्यांवरून पुढे आणलाय. हात वर, पातं वर. खाली आपल्या वजनानं येतं. पण भाऊजी, ८एनचा हायड्रोलिक पंप पीटीओवर (इंजिनचा जोर बाहेर देणाऱ्या दांड्यावर) चालतो. क्लच दाबला की पंप थांबला. आमच्या ह्यांनी गॅरेजच्या दारापाशी घाबरून क्लच दाबला, पातं वर येईना. दाराला अजून पोचा आहे.

मागच्या चाकांना साखळ्या लागतीलच. वजनही हवं. गावाकडे टायरात पाणी भरतात, इथे ते गोठेल. कॅल्शियम क्लोराइड स्वस्त पडतं, पण गळलं की रिम खातं. आम्ही शुगर बीटची मळी भरलीय.

बर्फातला_सातारकर:
वहिनी, मळी?! आमच्या कारखान्याच्या वासापासून एवढ्या लांब आलो, आणि आता तीच टायरात! बरं, भरतो.

नातूसाहेब, आज खाली झोपून पाहिलं. मागच्या ॲक्सलच्या घरावर जुनी बोल्टची भोकं सापडली, चॅनल तिथंच आणतो. एकच राहिलं. वाट खडीची आहे, पातं सगळी खडी लॉनवर नेईल का?

लोहाराचा_नातू:
नेईलच. पात्याखाली बूट (जमिनीवर घसरणारे लोखंडी पाय) लावा, धार इंचभर वर राहू दे. आणि पहिला बर्फ काढूच नका. गाडी फिरवून दाबा, रात्री गोठू द्या. पुढचा त्याच्यावरून काढा. एप्रिलमध्ये थोडी खडी दंताळ्यानं ओढावी लागेल, तेवढं धरून चला.